अडिनाच्या तीन नळ्या

उत्तम शुक्रवारी सकाळी कुसुमनं नातीचे लंगोट धुऊन मागच्या अंगणातल्या दोरीवर वाळत घातले, आणि हात पुसून होतात न होतात तोच खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई, फ्राउ लांगे, जिना चढून दारात उभ्या राहिल्या. त्या बरंच बोलल्या, पण कुसुमच्या कानाला एकच शब्द ओळखीचा वाटला, कारफ्रायटाग, म्हणजे गुड फ्रायडे. बाकीचं सुनेनं, व्हेर्नानं, इंग्रजीत करून सांगितलं. प्रभू वधस्तंभावर गेला त्या दिवशी जर्मनीत कुणी कपडे वाळत घालत नाही. सगळ्या गल्लीला दिसतंय, लोक काय म्हणतील?

अहमदनगरला मिशनच्या मुलींच्या शाळेत कुसुमनं जन्मभर बायबल शिकवलेलं. वधस्तंभाचा दिवस कसा पाळावा हे तिला नाताळपासून चर्चची पायरी न चढलेल्या बाईनं शिकवावं, म्हणजे कमालच झाली. पण मुलगा भास्कर भाड्याच्या जागेत राहतो आणि लुडविग्सहाफेनमध्ये वोनुंग, म्हणजे राहायला घर, मिळवताना त्याच्या नाकी नऊ आले होते, हे ती जाणून होती. तिनं मुकाट्यानं ओले लंगोट काढून आणले आणि स्वयंपाकघरात खुर्च्यांच्या पाठीवर पसरले. घरभर दमट वाफ कोंडली, आणि पुढचे दोन दिवस सगळे त्याच वाफेत भांडले.

भांडण बाप्तिस्म्याचं होतं. ईस्टरच्या सोमवारी तीन महिन्यांच्या शुभाचा बाप्तिस्मा व्हायचा होता. शुभा अडिना असं तिचं पूर्ण नाव. पहिलं कुसुमनं पत्रातून सुचवलेलं, दुसरं व्हेर्नाच्या आजीचं. गाडीनं श्वार्त्सवाल्डच्या जंगलातल्या कोनिग्सफेल्डला जायचं ठरलं होतं. ते मोरावियन बंधुमंडळी या जुन्या ख्रिस्ती पंथाचं गाव. याच मंडळीच्या मिशनऱ्यांनी दोनशे वर्षांपूर्वी जमैकात जाऊन व्हेर्नाच्या खापरपणज्यांना, ते उसाच्या मळ्यांवर गुलाम असतानाच, ख्रिस्ताचं नाव सांगितलं होतं. आता तिथे ब्रदर वोल्फ राहत होते. जमैकाच्या डोंगरावर उमेदीची वर्षं काढून ते म्हातारपणी मायदेशी परतले होते. व्हेर्नाला तान्हेपणी त्यांनीच बाप्तिस्मा दिला, पुढे त्यांच्याच शब्दावर ती जर्मनीत नर्सिंग शिकायला आली, आणि आता तिच्या मुलीलाही तेच देणार होते. अडिनाला व्हेर्नानं तसं वचन दिलं होतं. अडिना नाताळच्या आधी गेली, वचन मागे राहिलं.

कुसुमला हे सगळं फार पसंत होतं. भास्करनं जमैकाची मुलगी केली म्हणून नगरात ज्या आत्याबायांनी नाकं मुरडली, त्यांना तिनं एकटीनं गप्प केलं होतं. तुम्ही आम्ही कालचे ख्रिस्ती, ती पाचव्या-सहाव्या पिढीची आहे, असं ती ठणकावून सांगायची. स्वतःच्या हातानं झबलं शिवून, ते मलमलीत गुंडाळून, बोटीवर उलट्या काढत ती इथवर आली होती ती त्या एका सोमवारासाठी. तिच्या वडिलांनी बाप्तिस्म्यापायी गाव सोडलं, भाऊबंद सोडले. तो धागा नातीच्या कपाळापर्यंत पोहोचलेला पाहायचा, मग डोळे मिटले तरी चालतील, असं तिनं मनाशी धरलं होतं.

आणि गुरुवारच्या गाडीनं विहीणबाई आल्या.

व्हेर्नाची आई, इसिल्डा, बर्मिंगहॅमहून आली. उंचनिंच बाई, डोक्यावर पिसांची हॅट, हातात पत्र्याच्या डब्यात ईस्टरचा गोड बन आणि भलामोठा चीजचा तुकडा. जमैकात या दिवसांत हे खाल्ल्याशिवाय सण होत नाही. कुसुम तिच्याशी मिशनचं इंग्रजी बोलायची, पण हाक मात्र ‘विहीणबाई’ अशीच मारायची. इसिल्डानं अर्थ विचारून घेतला आणि तो तिला आवडला. ती कुसुमला सिस्टर कुसुम म्हणू लागली. पहिल्या संध्याकाळी दोघींचं इतकं गूळपीठ जमलं की भास्करनं व्हेर्नाला डोळा घातला.

दुसऱ्या दिवशी ते विस्कटलं. इसिल्डा आता मोरावियन राहिली नव्हती. बर्मिंगहॅमला गेल्यावर पहिल्याच रविवारी ती जवळच्या चर्चमध्ये गेली, तेव्हा उपासनेनंतर पाळकसाहेबांनी दारात हात हातात घेऊन, अगदी गोड बोलून सांगितलं, की पुन्हा येऊ नका, आमच्या लोकांना अवघडल्यासारखं होतं. मग ती एका शाळेच्या हॉलमध्ये भरणाऱ्या मंडळीत जाऊ लागली. तिथे सगळे तिच्यासारखे बेटांवरून आलेले. टाळ्या, डफली, रडणं, अंगात आत्मा येणं. त्यांनी तिला नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावात पूर्ण बुडवून नव्यानं बाप्तिस्मा दिला. तलावाचं ऐकून कुसुमला हसू आवरेना, पण त्या दाराचं ऐकून तिला फार वाईट वाटलं. हात हातात घेऊन हाकलतात हे तिला नवं होतं. नगरात हाकलायचे तेव्हा निदान हात लावत नसत.

शनिवारी दुपारी कॉफीच्या टेबलावर इसिल्डानं विषयाला तोंड फोडलं. अजाण लेकराच्या कपाळाला पाणी लावून कुणी ख्रिस्ती होत नाही, असं तिचं म्हणणं. माणसानं मोठं व्हावं, पाप ओळखावं, स्वतःच्या पायांनी पाण्यात उतरावं.

“या पोरीनं काय पाप केलंय,” तिनं विचारलं, “की तुम्ही तिला धुवायला निघालात?”

“धुवायला नाही, विहीणबाई. घरात घ्यायला,” कुसुम म्हणाली. “घरात घेताना लेकराला कुणी विचारत नाही.”

उत्तर बरं जमलं असं कुसुमला वाटलं. पण तेवढ्यात भास्करनं कप खाली ठेवला. तो कारखान्याच्या प्रयोगशाळेत रंगांवर काम करायचा आणि घरातही प्रत्येक गोष्ट बाटलीतून हलवून पाहिल्यासारखी बोलायचा.

“आल्झो, म्हणजे असं बघ, आई, मला त्यांचं पटतं. शुभाला मोठी होऊ दे. तिला वाटलं तर घेईल, नाही तर नाही. घाई कसली आहे?”

कुसुमनं त्याच्याकडे पाहिलं. एकाला देवाची गरज वाटत नाही, दुसरीचा देवावाचून घास उतरत नाही, आणि दोघांचं मत एक. लहानपणी नगरच्या ख्रिस्ती देवळात हा पोरगा पहिल्या बाकावर बसून भजनाचा आवाज धरायचा. इथे आल्यावर राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, धर्म कोणता विचारला तेव्हा यानं ‘कुठलाच नाही’ असं सांगितल्याचं व्हेर्नाच्या बोलण्यातून निसटलं होतं. चर्चचा कर पगारातून कापला जाऊ नये म्हणून केलं असेल, असं कुसुमनं ठरवून टाकलं होतं. चिक्कू मुलगा चालला असता. पण आता त्याचा शांत चेहरा पाहून तिला कळलं, की कराचा काही संबंध नव्हता.

“आणि तू मोठा झालास, तुला काय वाटलं?” तिनं विचारलं.

भास्कर खिडकीबाहेर बघत राहिला. कारखान्याच्या चिमण्यांचा पिवळट धूर ऱ्हाइनच्या बाजूला वळला होता.

व्हेर्ना बाळाला पाजत कोपऱ्यात बसली होती. इसिल्डानं तिला विचारलं, तू का जातेयस तिथे, तुला स्वतःला काय पाहिजे?

“मी आजीला शब्द दिलाय,” व्हेर्ना म्हणाली.

“आजी गेली, बाळ.”

“म्हणूनच. ती असती तर मोडता आला असता.”

इसिल्डा उठली, आतल्या खोलीत गेली आणि पिशवीतून एक लहानशी लाकडी पेटी घेऊन आली. व्हेर्नानं ती पाहताच बाळाला पटकन छातीशी घेतलं. पेटी अडिनाची होती. आत करंगळीएवढ्या तीन बांबूच्या नळ्या, तिन्ही सारख्या. एकीत ‘होय’ लिहिलेला कागद, दुसरीत ‘नाही’, आणि तिसरीत कोरा. कोरा म्हणजे थांबा. फार पूर्वी जर्मनीतल्या बंधुमंडळीत असाच नियम होता, इसिल्डा सांगू लागली. लग्न कुणाशी करायचं, कोणत्या देशात कुणाला पाठवायचं, सगळं प्रार्थना करून नळी उचलून ठरे. मिशनऱ्यांनी स्वतः कधीच ते सोडून दिलं, आणि जमैकाच्या चर्चमध्येही कुणाला आठवत नाही. पण अडिनाच्या घरात ते राहिलं. शेळी विकायची का, कोणत्या मुलाला शाळेत घालायचं, व्हेर्नाला जर्मनीला धाडायचं का, सगळं या पेटीनं सांगितलं.

“मी मंडळी बदलली, पण देव तोच आहे,” ती म्हणाली. “आपण भांडण्यापेक्षा त्याला विचारू. तो जे सांगेल ते मी मानीन.”

इसिल्डाला आपला देव पक्का ठाऊक होता. तो ‘नाही’च म्हणणार याची तिला खात्री होती. भास्कर किंचित हसला आणि शास्त्रज्ञाला शोभेल असं म्हणाला, की शक्यता तीनात एक आहे, माझी हरकत नाही. व्हेर्नानं नुसती मान हलवली. आजीची पेटी म्हटल्यावर तिचा इलाज नव्हता.

कुसुमनं ही पेटी जन्मात पाहिली नव्हती, पण ही गोष्ट तिला चांगली माहीत होती. हा कौल होता. सातासमुद्रांपलीकडच्या जर्मन साहेबांनी कौल लावावा, आणि नगरच्या साहेबांनी तोच कौल सैतानाचा म्हणून आमच्या आजोबा-पणजोबांना शिव्या द्याव्यात! आपण हरकत घ्यायला हवी होती. तिनं घेतली नाही. का, तर नळीत ‘होय’ही होतं.

इसिल्डा उभी राहिली, हॅट काढून ठेवली, डोळे मिटून प्रार्थना केली. नळ्या ओढणीसारख्या पातळ रुमालाखाली फिरवल्या, एक उचलली, कागद उलगडला. तिचा चेहरा उतरला. पण ती लबाड बाई नव्हती. तिनं कागद टेबलावर मधोमध ठेवला.

“होय,” ती म्हणाली.

कुसुमचा जीव आनंदानं असा उसळला की तिला खुर्चीचा हात धरावा लागला. जिंकलो, हाच पहिला विचार. भास्करकडे तिनं अगदी नाकावर टिच्चून पाहून घेतलं. आणि इसिल्डा तर शब्दाची इतकी पक्की निघाली की सगळे बघत राहिले. देव बोलला म्हणजे बोलला. मघापर्यंत कपाळाच्या पाण्याला हसणारी बाई पाच मिनिटांत झबलं इस्त्री करायला बसली. सोमवारी बाळाला मीच कडेवर घेऊन जाणार, असंही तिनं सांगून टाकलं, आणि इस्त्री करता करता मोठ्यानं गाणं म्हणू लागली.

तिच्या गाण्यानंच कुसुमला घरात बसवेना. बाळाला बाबागाडीत घालून ती एकटीच नदीकडे निघाली. ईस्टरच्या आदल्या दिवसाची गर्दी होती, बायका ब्रेड आणि फुलं घेऊन लगबगीनं घरी चालल्या होत्या. वाऱ्यावर कारखान्याचा आंबूस वास येत होता. शुभा झोपेत ओठ हलवत होती. सगळं मनासारखं झालं होतं, आणि कुसुमला एका जागी उभं राहवत नव्हतं. बाक दिसला की बसायची, बसली की उठायची.

तिला वडील आठवत होते. भागाजी. प्रवरेच्या काठच्या गावाबाहेरची त्यांची वस्ती. कुसुमच्या जन्माआधी त्यांना एक मुलगी होती, गोदी. चार वर्षांची असताना तिचा गळा सुजला, श्वास घरघरू लागला. शेजारच्या गावी मिशनचा डॉक्टर तंबू टाकून बसला होता. भागाजी पोरीला खांद्यावर घालून निघालाच होता, तर वडीलधाऱ्यांनी अडवलं. आधी मरीआईला विचार. भगतानं मरीआईच्या दगडाला दोन्ही अंगांना ओले ज्वारीचे दाणे चिकटवले. उजवा गळला तर जा, डावा गळला तर जाऊ नको. डावा गळला. भागाजीनं पोरीला परत आणून गोधडीवर निजवलं. ती पहाटे गेली.

मंडळीत दरवर्षी भागाजीची साक्ष सांगितली जायची ती वेगळी. नदीकाठी त्यानं प्रवचन ऐकलं, त्याच्या डोळ्यांवरचं झापड गळून पडलं, आणि त्यानं मूर्ती सोडली. भास्करनं लहानपणी तीच ऐकली होती. खरं काय ते भागाजीनं म्हातारपणी फक्त कुसुमला सांगितलं. मरीआईवर त्यानं कधी राग धरला नाही. तो म्हणायचा, हात माझे होते, पाय माझे होते, पोरगी माझ्या खांद्यावर होती, आणि मी दाण्याकडं बघत बसलो. मिशनच्या साहेबानं मला विचारलं, तू स्वतः होय म्हणतोस का? मला तोवर जन्मात कुणी असं विचारलं नव्हतं. म्हणून मी होय म्हणालो.

आणि आज त्याची लेक टेबलाशी बसून नळीकडे बघत होती, आणि ‘होय’ निघालं म्हणून खूश झाली होती. कुसुमला स्वतःची इतकी लाज वाटली की रस्त्यात कुणी बघतंय का म्हणून तिनं पदर डोक्यावर घेतला.

घरी आली तेव्हा इसिल्डा बनचे काप करत होती. कुसुमनं बाळ व्हेर्नाच्या हातात दिलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं, की सोमवारी जायचं ते या नळीच्या सांगण्यावरून नको.

इसिल्डाला आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मग तिचा पारा चढला. “सिस्टर कुसुम, तू जे मागत होतीस तेच देवानं दिलं. मी माझा हट्ट गिळला. आणि आता तूच नको म्हणतेस?”

मग कुसुमनं गोदीची गोष्ट सांगितली. इंग्रजीतून सांगताना तिला शब्द पुरेनात, तेव्हा मध्येच मराठीत बोलली आणि भास्करला म्हणाली, यांना सांग. भास्करनं सांगितलं. सांगता सांगता त्याचा आवाज खाली गेला, कारण ही गोष्ट तोही पहिल्यांदाच ऐकत होता. “म्हणजे प्रवचनाचं खोटंच होतं?” त्यानं आईला विचारलं. प्रवचनही झालं होतं, कुसुम म्हणाली, पण ते गोदी गेल्यावर.

“तो दगड होता,” इसिल्डा म्हणाली. तिला राग आला होता आणि कुसुमला तो रास्तच वाटला. “तुम्ही दगडाला विचारलंत. मी जिवंत देवाला विचारते. आणि मीही सोसलंय यापायी. माझा नवरा वारला, किंग्स्टनला मला मोलकरणीची जागा मिळत होती. पोरीला बरोबर नेऊ का, म्हणून आईनं पेटी काढली. ‘नाही’ निघालं. मी हिला डोंगरावर ठेवून गेले. मी रडले नसेन असं वाटतं तुला?”

व्हेर्ना जागची हलली नाही. तिला आजवर एवढंच माहीत होतं, की आईला शहरात काम मिळालं आणि गावात शाळा चांगली होती. सगळ्यांना तिच्या चेहऱ्यावरून ते कळलं, आणि इसिल्डाला सगळ्यांत शेवटी.

“किती वेळा विचारलंस?” व्हेर्ना म्हणाली.

“एकदाच. दुसऱ्यांदा विचारायचं नसतं.”

“मी असते तर विचारलं असतं,” व्हेर्ना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “उजाडेपर्यंत विचारत राहिले असते.”

इसिल्डा खाली बसली. सुरी तिच्या हातातच होती. नगरपालिकेच्या तलावात बुडी मारून सगळं जुनं धुऊन आलेली बाई, तिला हे एक वाक्य धुता येईना. कुसुम जाऊन तिच्या शेजारी बसली. तिनं तिच्या हातातली सुरी काढून बाजूला ठेवली.

मग व्हेर्ना बोलली. ब्रदर वोल्फ आईबापांना विचारतील, तुम्ही मानता का? तिथे उभं राहून होय म्हणावं लागेल. भास्कर माझ्यासाठी म्हणेल, मी आजीसाठी म्हणेन. मी काय मानते ते मला ठाऊक नाही. रोज वॉर्डात माणसं मरताना मी स्तोत्र म्हणते, ते त्यांना बरं वाटावं म्हणून. आजीचा देव मला आवडायचा, कारण आजी आवडायची. एवढं बोलून ती थांबली, आणि मग कुसुमकडे वळली.

“आई,” ती म्हणाली. हा एकच मराठी शब्द ती चुकत नसे. “तुम्ही इतक्या लांबून आलात. मला काही ठरवता येत नाही. तुम्ही जा म्हणालात, तर आम्ही सोमवारी जाऊ.”

भास्करनं आईकडे पाहिलं. आई काय म्हणणार हे त्याला माहीत होतं. कुसुमलाही माहीत होतं. ‘चल’ हा शब्द तिच्या जिभेवर येऊन बसला होता. नळी नाही, दाणा नाही, खुद्द सून आपल्या तोंडानं विचारते आहे, मग यात वाईट काय? एक शब्द, आणि भागाजीची पणती ख्रिस्ताच्या घरात. परत बोटीत बसल्यावर पुन्हा ही पोर केव्हा दिसायची कुणास ठाऊक. तिला व्हेर्नाचा रागही आला, की नेमकं मलाच का विचारलंस.

“मला दाणा करू नकोस, व्हेर्ना,” ती म्हणाली. “उजव्या अंगाचा नको, नि डाव्याचाही.”

व्हेर्नानं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, “तर मग सोमवारी नको.”

“बरं,” कुसुम म्हणाली. ते ‘बरं’ म्हणताना तिचं काळीज तुटलं, पण ती म्हणाली.

भास्कर लगेच कोट चढवून टेलिफोन करायला पोस्टात गेला, कारण घरात उभं राहून कुणाकडे बघायचं हे त्याला कळेना. परत आला तो आईजवळ घुटमळला आणि म्हणाला, ब्रदर वोल्फ रागावले नाहीत, केव्हाही या म्हणाले. कुसुमनं ऐकून घेतलं. लेकावर तिचा राग होता तसाच होता. त्याच्या मनासारखं झालं आणि शेवटी त्यासाठी त्याला एक अक्षरही बोलावं लागलं नाही, हे तिला सलत होतं. मग तोच म्हणाला, “गोदीचं मला आधी सांगायला हवं होतंस, आई. मी देवळात बसायचो तेव्हा ते प्रवचनाचं मला कधीच खरं वाटलं नाही.”

ईस्टरच्या रविवारी सगळ्यांनी बन आणि चीज खाल्लं. इसिल्डाची हॅट खुंटीवरच राहिली. ती सकाळपासून व्हेर्नाच्या मागे मागे होती, पण शब्द सापडत नव्हते, म्हणून भांडी विसळत होती, विसळलेली पुन्हा विसळत होती. संध्याकाळी व्हेर्नानं बाळ तिच्या मांडीवर दिलं आणि स्वतः शेजारी बसली. दोघींपैकी कुणीही उठून गेलं नाही.

सोमवारी सकाळी शहरभर चर्चच्या घंटा वाजू लागल्या. भास्कर पेपर आणायला बाहेर पडला होता, इसिल्डा उशिरापर्यंत झोपली होती, व्हेर्ना आतल्या खोलीत अंथरुणं काढत होती. कुसुमनं स्वयंपाकघरात पत्र्याचा टब मांडला, पाणी कोमट केलं, शुभाला पायांवर घेऊन तेल चोळलं, अगदी नगरात चोळतात तसं, हातपाय ओढून. पोरगी हुंकार देत होती. मग तिनं तिला पाण्यात धरलं आणि उजव्या हाताची ओंजळ करून पाणी घेतलं.

घरात कुणी बघत नव्हतं. प्रसंग पडला तर बाप्तिस्मा पाळकाशिवायही देता येतो, हे तिनं स्वतः वर्गात मुलींना शिकवलं होतं. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, ही तीन नावं घ्यायची, बस. ती तिला झोपेतसुद्धा आली असती. कुणाला कधी कळलं नसतं आणि तिला मरेपर्यंत पुरलं असतं. घंटा वाजत होत्या, ओंजळ बाळाच्या कपाळावर होती, बोटांच्या फटींतून पाणी खाली टबात ठिबकत होतं, आणि कुसुमचे ओठ पहिल्या नावापर्यंत आलेच होते.

तिनं ओंजळ बाळाच्या पाठीवर रिकामी केली. मग मान धुतली, काखा धुतल्या, मांड्यांच्या वळ्या धुतल्या, पायांची बोटं एकेक करून धुतली. डोकं राहिलं. हात तिकडे गेला की तिचा स्वतःवर भरवसा राहीना.

“व्हेर्ना,” तिनं हाक मारली. “जरा इकडे ये.”

व्हेर्ना केस बांधत आली. काय झालं, तिनं विचारलं.

“हिचं डोकं तेवढं तू धू,” कुसुम म्हणाली. “आज माझ्याच्यानं व्हायचं नाही.”